हायकूवरचा 'डूम'

संगणक म्हटला की विंडोज, इतके आपण गृहीत धरून चालतो. परंतु इतरही कार्यप्रणाली आहेत. 'हायकू' ही त्यांपैकी एक. २००१ साली 'बी' कंपनीची मालमत्ता विकली गेली व तिची बीओएस ही प्रणाली पोरकी झाली. चाहत्यांनी त्याच वर्षी ती नव्याने लिहायला घेतली, तीच पुढे हायकू झाली. (बीओएसच्या ब्राउझरमधील चुकांच्या सूचना हायकूंत असत. मराठी विभागाने याची नोंद घ्यावी!)

आता हिच्यावर खेळ कोठून आणायचे? विंडोजचा खेळ येथे जसाच्या तसा चालत नाही. कारण चित्र दाखव, आवाज काढ, कोणती कळ दाबली ते सांग, या मागण्या तो विंडोजच्याच भाषेत करतो. मूळ आज्ञावली हाती असेल, तर त्या मागण्या बदलून खेळ नव्याने बांधता येतो. यालाच 'पोर्ट' करणे म्हणतात. १९९८ साली आलेला 'एसडीएल' हा आज्ञासंच येथे दुभाष्याचे काम करतो: खेळ त्याच्याशी बोलतो, तो प्रणालीशी.

खरे घोडे अडते ते मूळ आज्ञावलीपाशी. १९९३ मध्ये डॉससाठी आलेल्या 'डूम'ची आज्ञावली आयडी सॉफ्टवेअरने १९९७ मध्ये खुली केली, म्हणूनच तो आज हायकूवर खेळता येतो. संपूर्ण खेळाची चित्रे, नकाशे व ध्वनी मात्र विकतच घ्यावे लागतात. नाहीतर 'फ्रीडूम'ची मोफत सामग्री आहेच. ज्यांची आज्ञावली कंपनीच्या कपाटातच राहिली, त्या खेळांसाठी जुने यंत्र सांभाळावे लागते, किंवा त्या यंत्राचे सोंग आणणारी दुसरी आज्ञावली शोधावी लागते.