टेम्प्लेटमधल्या खेपा: पेज नुसतं गोल गोल का फिरतं?

आजचा विषय आहे टेम्प्लेटमध्ये लपलेल्या डेटाबेस क्वेरीज. कोडिंग येत नसलं तरी ऐका. पेज उघडलं नाही की आपण सगळेच नेटवर्कला शिव्या देतो, पण दर वेळी दोष टॉवरचा नसतो.

आपल्या बीडचंच उदाहरण घेऊ. समजा, उन्हाळ्यात कुठल्या गावाला कोणते टँकर चालू आहेत, हे दाखवणारं पेज बनवायचंय. जिल्ह्यात तालुके ११. तालुक्याखाली गावं, गावाखाली टँकर. मग टेम्प्लेटमध्ये आपण तालुक्यांचा लूप लिहितो, त्याच्या आत गावांचा, त्याच्या आत टँकरचा. कोड दिसायला एकदम सुटसुटीत.

आता खेपा मोजा. तालुके आणायला १ क्वेरी. प्रत्येक तालुक्याची गावं आणायला एकेक, म्हणजे ११. तालुक्याला २० गावं धरली तर २२० गावं, आणि प्रत्येक गावाचे टँकर आणायला पुन्हा एकेक. एकूण २३२! एका खेपेला ५ मिलिसेकंद धरले, तरी ११६० मिलिसेकंद नुसते जाण्या-येण्यात गेले. एकाच वेळी शंभर जणांनी पेज उघडलं, तर २३,२०० क्वेरीज. छोटा सर्व्हर तिथेच बसतो, आणि टँकरची वाट बघणारा माणूस स्क्रीनकडे बघत राहतो.

याला एन प्लस वन प्रॉब्लेम म्हणतात. आडावरून रांजण भरायचाय आणि आपण हंडा सोडून तांब्या घेऊन पळतोय, असा प्रकार.

हे लक्षात का येत नाही? जँगो किंवा लारावेलसारखी फ्रेमवर्क्स संबंधित डेटा मागितल्याशिवाय आणत नाहीत. टेम्प्लेटमध्ये 'तालुक्याची गावं' एवढं लिहिलं, की मागून गुपचूप क्वेरी सुटते. त्यात लॅपटॉपवर टेस्टिंगला दोन तालुके आणि सहा गावं असतात. ९ क्वेरीज कुणाला जाणवणार?

उपाय सोपा आहे. डेटा टेम्प्लेटला देण्याआधीच, व्ह्यूमध्ये, एकदम मागून घ्या. जँगोमध्ये त्यासाठी प्रीफेच रिलेटेड आहे, लारावेलमध्ये विथ. मग पहिली क्वेरी सगळे तालुके आणते, दुसरी त्या ११ तालुक्यांची सगळी गावं, तिसरी त्या गावांचे सगळे टँकर. कोणतं गाव कोणत्या तालुक्याचं, ही जुळणी मेमरीत होते. २३२ च्या जागी ३ खेपा! टेम्प्लेटला हातही लावावा लागत नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. एक, जँगोमध्ये आधी आणलेल्या गावांवर लूपच्या आत पुन्हा फिल्टर लावला, की नवी क्वेरी सुटते आणि केलेली मेहनत पाण्यात. फिल्टर आधीच, डेटा मागवतानाच लावा. दोन, हंडा मोठा म्हणून अख्खी विहीर उचलू नका. परळीचा माणूस परळीच बघणार असेल, तर आष्टीचा डेटा मेमरीत कशाला? तालुका निवडायला लावा.

आणि अंदाजावर जाऊ नका. जँगो डीबग टूलबार लावला की पेजवर किती क्वेरीज झाल्या ते आकड्यात दिसतं. आधी दोन तालुके टाकून बघा, मग पाच टाकून. तालुके वाढले तरी क्वेरीज तेवढ्याच राहिल्या, तर पेज तयार. आकडा वाढला, तर कुठला तरी लूप अजून तांब्या घेऊनच पळतोय. तो शोधा.