गळ आणि आमिष

नदीकाठी गळ टाकून बसलेला मनुष्य आपण पाहिलाच असेल. मासा गळाला भुलत नाही. तो भुलतो गळास लावलेल्या आमिषाला. आमच्या कोकणी मायबोलीत या गळास ‘गरी’ म्हणतात. इंटरनेटवरील एका फसवणुकीस इंग्रजीतील मासेमारीच्या शब्दावरूनच ‘फिशिंग’ हे नाव पडले आहे, आणि ते यथार्थ आहे.

तिची रीत अशी : ‘आपले बँक खाते आज रात्री बंद होईल, खालील दुव्यावर माहिती भरा’ असा संदेश मोबाईलवर येतो. दुवा उघडताच बँकेचे वाटावे असे हुबेहूब पान दिसते. तेथे लिहिलेला पासवर्ड चोराच्या हाती पडतो. चोर तो तत्क्षणी खऱ्या बँकेच्या पानावर वापरतो. बँक खातेदारास ओटीपी पाठविते. तोही त्या बनावट पानावर लिहिला की पैसे गेलेच! येथे कुलूप कोणी फोडीत नाही. घरधनीच किल्ली देऊन बसतो.

आमिष नेहमी लोभाचेच असते असे मात्र नाही. पुष्कळदा ते भीतीचे असते. मार्च २०२५ मध्ये शेजारच्या खानापूर तालुक्यात एका वृद्ध दांपत्यास सरकारी अधिकारी असल्याचे भासवून ठकांनी अटकेचा धाक घातला व ५० लाखांहून अधिक रुपये उकळले. अखेर त्या दोघांनाही प्राणास मुकावे लागले. वस्तुतः फोनवरून ‘डिजिटल अटक’ करण्याची तरतूद आपल्या देशाच्या कोणत्याही कायद्यात नाही. परंतु ‘हे कोणास सांगू नका’ हा ठकांचा हुकूम पाळला गेला, की विचारावयास कोणी उरत नाही. घाई, भीती आणि गुप्तता ही या गळाची तीन टोके होत.

मग उपाय कोणता? संदेशातील दुव्यावरून बँकेच्या पानावर कधीही जाऊ नये. पत्ता नीट वाचावा : आरंभीच्या जोड तिरप्या रेषा सोडून पुढे जी पहिली तिरपी रेषा येते, तिच्या लगत डावीकडचे नाव हेच त्या पानाच्या खऱ्या मालकाचे नाव. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणारे पत्ते घेण्यास सांगितले, ते याच ओळखीसाठी. यूपीआयने पैसे घेताना पिन लागत नाही, हेही ध्यानी ठेवावे. आणि फसवणूक झालीच, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे. वेळीच कळविल्यास पुढे निघालेली रक्कम वाटेत रोखता येण्याचा संभव असतो.

आता एक विनंती. भाताचे पैसे ज्यांच्या खात्यात जमा होतात, त्या आपल्या घरच्या आजी-आजोबांना हे सारे समजावून सांगा. त्यांच्यापैकी कोणी फसले, तर त्यांना बोल लावू नका. फसलेला मनुष्य लाजेने गप्प बसतो आणि त्या मौनातच चोराचे फावते. ज्या घरात चूक निर्भयपणे सांगता येते, त्या घरी चोराचा गळ फार काळ टिकत नाही.