तबेल्याचे पाणी आणि जिवाणूंचे कण

कल्याण, मुंब्रा, पनवेल आणि महापे या दिशांचे रस्ते जेथे एकमेकांना मिळतात तो शीळफाटा वाहनांच्या खोळंब्यासाठीच प्रसिद्ध असला, तरी ठाणे-कल्याणच्या या टापूचा म्हशींच्या तबेल्यांशी असलेला संबंध जुना आहे. मुंबईतील गोठे वस्तीबाहेर नेण्याचा सरकारी बंदोबस्त 1949 साली आरे वसाहतीने सुरू झाला; म्हशी बाहेर गेल्या, पण मागोमाग शहरही आले, आणि गोठा धुतलेले पाणी मुरवायला शेत उरले नाही.

या पाण्यातील शेण दिसते. मूत्रातल्या युरियापासून झालेला अमोनिया दिसत नाही, आणि खाडीत उतरला तर मासळीच्या जिवावर उठतो तो हाच. गोबरगॅसचे संयंत्र बसविले की काम फत्ते, असा समज सर्रास आढळतो. परंतु त्या बंद टाकीत कार्बनाचा मिथेन होतो, नायट्रोजन मात्र बहुतांशी रबडीतच राहतो.

त्याचा निकाल लावणाऱ्या जिवाणूंच्या कणाची रचना मोठी कौतुकाची आहे. साबुदाण्याहूनही बारीक अशा त्या गोळीच्या बाह्य थरात, जेथे प्राणवायू पोहोचतो तेथे, अमोनियाचे नायट्राइट व नायट्रेट होते, आणि प्राणवायूविरहित गाभ्यात त्याचाच निरुपद्रवी नायट्रोजन वायू होऊन हवेत मिसळतो. हवा बंद करताच हे जड कण काही मिनिटांत तळाशी बसतात, त्यामुळे निवळण्यासाठी निराळी टाकी बांधावी लागत नाही. हॉलंडातील डेल्फ्ट येथे 1990 च्या दशकात उजेडात आलेला लालसर ‘ॲनामॉक्स’ जिवाणू तर याहूनही काटकसरी: अमोनिया व नायट्राइट यांचा तो थेट वायू करतो आणि सेंद्रिय कार्बन मागत नाही, म्हणून गोबरगॅसमधून निघालेल्या पाण्याला तोच अधिक मानवेल. त्याचे पहिले मोठे संयंत्र 2002 साली रॉटरडॅमला उभे राहिले. मात्र त्याची संख्या दुप्पट व्हायला सुमारे 11 दिवस लागतात. निष्काळजीपणे कण वाहून गेले, तर पुन्हा महिने मोजत बसावे लागते.

आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे कणयुक्त गाळाचे तंत्र 2025 च्या प्रयागराज कुंभमेळ्यात मैलापाण्यासाठी वापरले गेले. तबेल्याचे पाणी मैलापाण्याहून कितीतरी तीव्र असल्याने तीच मांडणी उचलून येथे बसविणे वेडेपणाचे ठरेल. आधी शेण वेगळे काढावे, मग गोबरगॅस, आणि शेवटी कण, हाच क्रम योग्य. एकट्या तबेलेवाल्याच्या ऐपतीत हे बसणारे नाही. तेव्हा ठाणे व कल्याण-डोंबिवली या दोन्ही महानगरपालिकांनी दंडाच्या नोटिसा धाडण्यापूर्वी आसपासच्या गोठ्यांसाठी एक सामाईक संयंत्र उभारावे आणि त्याचा खर्च म्हशींच्या संख्येनुसार दरमहा वसूल करावा.