मायक्रॉनचा हिशेब

रेल्वेच्या वाघिणींच्या आसांची टोके बेअरिंगात निर्वेध फिरावीत, यासाठी लागणारी काटेकोर गोलाई साधण्याच्या कामी ग्राइंडिंग यंत्राला तोड नाही. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे डेव्हिड ब्राउन व त्यांचे चिरंजीव जोसेफ या पितापुत्रांनी १८३३ साली जो कारखाना थाटला, तेथेच पुढे शिवणयंत्रांचे कठीण केलेले भाग घासण्याच्या निकडीतून जोसेफ यांनी आपले सार्वत्रिक ग्राइंडर सिद्ध केले. ते १८७६ साली पूर्णत्वास गेले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

या यंत्राच्या चाकातील प्रत्येक कण म्हणजे एक सूक्ष्म पाते. ते बोथट झाले की त्यावरील दाब वाढून ते तुटते वा निखळते आणि त्याखालचे धारदार पाते पुढे येते. मात्र घर्षणाची उष्णता मापाची वैरीण ठरते: १०० मिलिमीटर व्यासाचा पोलादी दांडा १० अंश सेल्सियसने तापला, तर सुमारे ११ मायक्रॉन फुगतो, म्हणून तापलेल्या स्थितीत बरोबर उतरलेला जिन्नस निवल्यावर बारीक भरतो. यास्तव कुलंटची, म्हणजे थंडावा देणाऱ्या द्रवाची, धार अखंड ठेवून, अखेरीस चाक पुढे न सरकवता ठिणग्या आपोआप थांबेपर्यंत ते फिरू देणे, हा कसबी कारागिरांचा शिरस्ता आहे. या अखेरच्या काही सेकंदांना जेथे फाटा दिला जातो, तेथील मालाच्या मापावर विसंबू नये.