प्रशिक्षकाची भाषा : सांगणे, दाखविणे, विचारणे

उपयोजित मराठी म्हटले की अर्ज, अहवाल, इतिवृत्त असे लेखनप्रकार आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु कामाच्या ठिकाणी दुसऱ्याला काम शिकविताना वापरली जाणारी बोलण्यातील मराठी हेही या विषयाचे महत्त्वाचे क्षेत्र आहे. तुमच्यापैकी अनेकजण नोकरी किंवा शेती सांभाळून शिकत आहेत. नवख्याला काम शिकविण्याची वेळ तुमच्यावरही आली असेल.

जालना जिल्ह्यातील बदनापूरचा परिसर पाहा. येथे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र आहे. तुरीचा 'बीडीएन ७११' हा वाण याच केंद्राचा. त्यातील 'बीडीएन' ही अक्षरे बदनापूरची आहेत. जिल्ह्याला बियाणे उद्योगाचीही परंपरा आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली 'महिको'ची स्थापना जालन्यातच केली. वाण आणि तंत्र कितीही उत्तम असले, तरी ते शेवटी काम करणाऱ्या हातांपर्यंत पोहोचावे लागते. हे काम प्रशिक्षकाचे.

संकरित कापसाचे बीजोत्पादन हे याचे बोलके उदाहरण होय. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या दुपारनंतर निवडायची, अंगठ्याच्या नखाने पाकळ्यांसह पुंकेसर काढायचे आणि सकाळी नर वाणाचे पराग कुक्षीवर लावायचे. एखादा परागकोश मागे राहिला, तर त्या बोंडात संकरित नसलेले बी तयार होऊ शकते. अशी भेसळ वाढली की बियाणे शुद्धतेच्या चाचणीत नापास होते आणि शेतकऱ्याचा हंगाम वाया जातो.

येथे 'नीट काढा', 'काळजी घ्या' ही वाक्ये निरुपयोगी ठरतात, कारण त्यांतून हाताला काहीच कळत नाही. 'आतील हिरव्या अंडाशयाला नख लागू देऊ नका. लागले तर बोंड गळते', या वाक्यात कृती आहे आणि कारणही आहे. कारण कळले की काम करणारी व्यक्ती कोणी पाहत नसतानाही काळजी घेते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' या उपक्रमाने काम शिकविण्याच्या चार पायऱ्या रूढ केल्या : शिकणाऱ्याची तयारी, काम करून दाखविणे, त्याच्याकडून करवून घेणे आणि पाठपुरावा. यांतील तिसरी पायरी बहुधा गाळली जाते. 'समजले का?' या प्रश्नाला प्रौढ व्यक्ती चारचौघांत 'हो' असेच उत्तर देते. 'नाही' म्हणण्यात तिला कमीपणा वाटतो. म्हणून 'आता तुम्ही करून दाखवा आणि असे का करायचे, तेही सांगा' असे म्हणणे अधिक उचित.

मुकादम किंवा पर्यवेक्षक घडविताना मात्र भाषा बदलावी लागते. दुपारनंतर चुका वाढतात, अशी त्याची तक्रार असेल, तर व्यवस्थापन-विकासाचा मार्गदर्शक तयार उपाय सांगत नाही. तो विचारतो : 'चुका नेमक्या कोणत्या वेळी वाढतात? त्या वेळी कामात काय बदललेले असते? उद्या तुम्ही काय करून पाहाल?' स्वतः शोधलेला उपाय मुकादम जबाबदारीने अमलात आणतो. अर्थात, प्रश्नांनाही मर्यादा आहे. चालू यंत्राजवळ स्पष्ट सूचनाच हवी. तसेच कळ्या झाकण्याच्या कागदी पिशव्याच अपुऱ्या असतील, तर दोष कौशल्याचा नसून व्यवस्थेचा असतो. अशा वेळी प्रशिक्षण देणे म्हणजे कामगाराच्या माथी नाहक दोष मारणे होय. हा भेद ओळखणे आणि तो वरिष्ठांना सांगणे, ही प्रशिक्षकाची नैतिक कसोटी आहे.

स्वाध्याय : तुम्हाला उत्तम येणारे एक काम निवडा. नवख्या व्यक्तीला ते शिकविण्यासाठी पाच सूचना लिहा. प्रत्येक सूचनेत कृती आणि कारण दोन्ही आले आहेत का, ते तपासा. नंतर त्या सूचना एखाद्याला वाचून दाखवा, त्याच्याकडून काम करवून घ्या आणि तो जेथे अडखळेल, ते वाक्य पुन्हा लिहा.