जलसंजीवनी
अतिसार, पटकी इ. रोगांत शरीराने गमावलेले पाणी व लवणे तोंडावाटे भरून काढणारा विद्राव. आतड्यात ग्लुकोजाबरोबर सोडियमाचे व त्यामागोमाग पाण्याचे शोषण होते. ही क्रिया पटकीतही टिकून राहते, हे या उपचाराचे तत्त्व होय. डाक्का येथे १९६८ मध्ये त्याची उपयुक्तता सिद्ध झाली. १९७१ मध्ये बनगाव (प. बंगाल) येथे निर्वासितांत पटकी पसरली व शिरेवाटे द्यावयाचा द्रव अपुरा पडला, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचा विद्राव रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजविला, मृत्युप्रमाण सु. ३०% वरून ३.६% वर आले. तरीही विकसनशील देशांतील अनेक बालकांना हा स्वस्त उपचार अद्याप वेळेवर मिळत नाही. येथे उणीव संशोधनाची नसून ते घरोघरी पोहोचविण्याची आहे.