जुन्या जिप्सीला स्वस्तात चाकं घालायची आहेत? आधी हे तपासा

मारुतीची जिप्सी 1985 मध्ये आली आणि 2019 च्या सुमारास बंद झाली. तरी आपल्या कोकणात, घाटमाथ्यावर बऱ्याच घरी ती अजून उभी आहे. पावसाळ्यात वाडीपर्यंत चढणारी गाडी कोण विकेल? पण रिम गंजतात, वाकतात, हवा सोडतात. मग नवीन चाकांचा खर्च ऐकून लोक जुन्या मालाकडे वळतात. त्यात काही वाईट नाही. फक्त स्वस्त आणि धोकादायक यातला फरक कळला पाहिजे, कारण त्या चाकांवर आपलीच बायकामुलं बसणार आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे भोकं. जिप्सीच्या रिमला पाच नट असतात आणि त्या भोकांच्या मधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, 139.7 मिमी असतो. ब्रेझाची रिमही पाच भोकांची, पण तिचा पीसीडी 114.3, म्हणून ती बसत नाही. मोजायची सोपी रीत आहे. एका भोकाच्या मध्यापासून शेजारचं सोडून पलीकडच्या भोकाच्या मध्यापर्यंत टेप लावा. जिप्सीच्या रिमवर हे अंतर साधारण 133 मिमी भरतं. मधलं मोठं भोकही जिप्सीच्या हबवर बसायला हवं, ते 108 मिमीच्या आसपास असतं.

जिम्नीचा पीसीडीही 139.7 च आणि रिम 15 इंची. नवी जिम्नी घेऊन लगेच मोठी चाकं घालणारे हौशी लोक मूळ रिम विकायला काढतात. असा माल मिळाला तर आमच्या मते तो चांगला सौदा आहे. तरी पैसे देण्याआधी एक रिम पुढे, एक मागे लावून बघा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, कुठे घासतं का पाहा. नटही त्या रिमला जुळणारेच हवेत.

दुसरी गोष्ट फोर-व्हीलची. जिप्सीत फोर-व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा एक्सल एकाच वेगाने फिरायला बांधले जातात. म्हणून चारही टायर एकाच मापाचे हवेत. जिप्सी किंगचं माप 205/70 आर 15, म्हणजे उंची सुमारे 668 मिमी. जिम्नीचं 195/80 आर 15, सुमारे 693 मिमी. पुढे एक आणि मागे दुसरं घातलं तर 25 मिमीचा फरक पडतो आणि त्याचा ताण गिअरवर येतो. तिथला खर्च चाकांपेक्षा कितीतरी जास्त. स्टेपनीही त्याच मापाची ठेवा.

तिसरी गोष्ट मालाची. लोखंडी रिम वाकली तर बेंड काढता येतो. मॅग व्हीलला तडा गेला असेल तर वेल्डिंग केलेलं घेऊ नका. रंग ताजा दिसला तर आतल्या बाजूने हात फिरवून बघा. टायरवर शेवटचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी जुनं रबर कडक होतं, ओल्या घाटात पकड सोडतं.

रुंद रिम बाहेर काढायला स्पेसर लावू नका. बेअरिंगवर भार येतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ तपशिलात मनाला येईल तसा बदल चालत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी तोच मुद्दा काढू शकते.

बजेट कमी असेल तर आधी चांगले टायर घ्या, मग फक्त खराब झालेल्या रिम बदला. नवी चाकं लावल्यावर 80-100 किमीनंतर नट पुन्हा आवळा.

आणि आपली जुनी चाकं विकणार असाल तर बेंड, तडा, वेल्डिंग सगळं घेणाऱ्याला आधी सांगा. मालातला ऐब लपवून विकू नये, ही आपल्या दीनची शिकवण आहे. दोन पैसे कमी मिळतील, पण कमाई हलाल राहील आणि दुसऱ्याचं घर सुखरूप राहील.